तुम्ही विचारलंत म्हणून: होडी कुठली?

'पुण्यात शिडाची होडी कशाला?' असं विचारणाऱ्यांचा मला त्रास नाही. त्यांना मी खडकवासल्याच्या पलीकडचा काठ दाखवतो, तिथे पीकॉक बेमध्ये एनडीएचे कॅडेट शिडं हाकायला शिकतात. विषय संपतो. त्रास होतो तो जाणकारांचा. बोळात येतात, ताडपत्री उचलतात, नाकापासून मागेपर्यंत एक चक्कर मारतात आणि म्हणतात, "एंटरप्राइझ वाटते. नंबर किती?"

एंटरप्राइझ म्हणजे शर्यतीच्या छोट्या होड्यांची एक जात. वाटते. मलाही वाटते. टेप लावली तर लांबी 4.04 मीटर भरते, म्हणजे 13 फूट 3 इंच. प्लायच्या फळ्या जुळतात तिथे प्रत्येक कुशीला दोन-दोन कोपरे आहेत. होड्यांचा रचनाकार जॅक होल्ट याने 1956 साली आणलेल्या एंटरप्राइझचं हेच माप, हाच घाट. मिरर आणि जीपी 14 या अशाच दुसऱ्या जाती. मिरर नक्की नाही. तिचं नाक चपटं आणि लांबी 11 फुटांच्या आत. जीपी 14 चौदा फुटांची. शिवाय होडीबरोबर एका गोणीत फिकट निळ्या शिडाच्या चिंध्या आल्या होत्या, आणि निळं शीड ही एंटरप्राइझची खूण. 1982 च्या आशियाई स्पर्धांत मुंबईला याच जातीच्या शर्यती झाल्या, म्हणजे आपल्याकडे या होड्या होत्याच. पण गोणीतलं शीड याच होडीचं कशावरून? कुणा सुताराने बघून नक्कल केली नसेल कशावरून? इथे एकच गोष्ट उपयोगाची, नंबर. जुन्या लाकडी रेसिंग होडीच्या अंगात तो कोरलेला सापडतो, आणि त्यावरून तिच्या वयाचाही अंदाज येतो.

नंबर होता. मी तो घासून टाकला.

होडी घेतली वानवडीच्या एका काकूंकडून. यजमान लष्करातले, ते गेल्यावर ती आंब्याखाली पालथी पडून होती. काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "मागच्या फळीवर काहीतरी आहे, हे दाखवायचे सगळ्यांना." मला वाटलं, रंगवलेलं नाव असेल.

मे महिन्यातला रविवार. पावसाच्या आत मागची फळी उरकायची होती, कारण तिचे खालचे दोन्ही कोपरे कुजले होते. स्क्रूड्रायव्हर टेकवला की बोटभर आत. चार इंची ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावली आणि वरून सुरुवात केली. आधी राखाडी रंग निघाला, मग पांढरा, मग मोरपंखी. त्याखाली लाकूड, आणि लाकडात पांढऱ्या रेघा. एक उभी. शेजारी काहीतरी वाटोळं, अर्धवट. ओरखडे असतील, कुणीतरी पुट्टी भरून बुजवलेत, असं म्हणून मी हात चालू ठेवला. पाच-सात सेकंद. वरचा पापुद्रा मिलिमीटरभर असेल-नसेल; ग्राइंडरला तेवढा वेळ पुष्कळ झाला. खालचा आडव्या रेषांचा थर दिसला तेव्हा थांबलो, तेही आकडे गेले म्हणून नव्हे, प्लाय गेला म्हणून. स्वतःला दोन शिव्या घातल्या, वर इपॉक्सी फासलं आणि चहा प्यायला गेलो.

ते आकडे होते हे पंधरा दिवसांनी कळलं. काकूंचा फोन आला. "अहो, ह्यांचा होडीतला एक फोटो सापडलाय. शिडावर नंबर आहे, पण अर्धा घडीत गेलाय. फळीवरचा सांगता का? जुळतो का बघते."

मी म्हणालो, "जरा पुसट झालाय काकू. बघून सांगतो."

पुसट!

तेव्हाचा मी म्हणतो, फळी कुजलीच होती, बदलावीच लागली असती. खोटं. कूज खाली होती, चार बोटं. आकडे वर, खडखडीत कोरड्या लाकडात. तो म्हणतो, रंगाखाली नंबर असतो हे मला कुणी सांगितलं होतं? काकूंनी सांगितलं होतं, जवळजवळ. त्याचं एकच म्हणणं मला अजून खोडता येत नाही: शोधत आणि विचारत बसलो असतो तर तो पावसाळा हातचा गेला असता, आणि आणखी एका पावसाळ्यात तळ गेला असता.

बाकीच्या सुधारणांबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. टिंबर मार्केटमधून आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का तीनदा बघून प्लाय आणला. सेंटरबोर्डची, म्हणजे होडीच्या पोटातून पाण्यात सोडायच्या पात्याची, पेटी गळायची, ती उघडून पुन्हा बसवली. गंजक्या तारेच्या जागी दोर आला, दोन्ही कुशींना हवेच्या पिशव्या आल्या. 'मूळ रूप बिघडवलंत' म्हणणाऱ्याने अशी होडी उलटल्यावर तिच्यातलं पाणी एकदा डब्याने उपसून बघावं, मग पिशव्यांवर बोलावं. शिडं पांढरी आहेत, कारण परवडली ती जुनी शिडं पांढरी होती. हो, त्यामुळे ओळख आणखी अवघड झाली. माहीत आहे मला.

फोटो काकूंनी पाठवलाय. शेवटचे दोन आकडे दिसतात, त्यातला एक 7. मला आठवते ती उभी रेघ 7 ची असू शकते. 1 ची असू शकते, 4 चीसुद्धा. कधी कधी ती मला जरा तिरकी आठवते, आणि मग शंका येते की फोटो बघितल्यावरच ती तिरकी झाली.

काकू दिवाळीला फोन करतात. होडी कशी आहे विचारतात. नंबराचं हल्ली विचारत नाहीत. 'बघून सांगतो' इथेच आम्ही दोघं थांबलोय.