मांजर चावलं? घड्याळ बघा

कुत्रा चावला की कातडी फाटते, रक्त दिसतं, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. मांजराचे सुळे सुईसारखे. बोटाच्या पेरावर दोन लाल टिंबं, तीही थोड्या वेळात मिटतात. गोची तिथेच आहे. सुळा सांध्यापर्यंत पोचलेला असतो, पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू आत सोडलेला असतो आणि वरचं तोंड बंद.

नाव परकं वाटेल, पण पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्पाची लस टोचतात ना, तो घटसर्प याच जंतूच्या एका प्रकाराने होतो. मांजराच्या तोंडात मात्र तो निमूट नांदतो.

ओळख वेळेवरून पटते. इतर जखमा चिघळायला दोन-तीन दिवस घेतात. इथे संध्याकाळी चावा आणि सकाळी बोट लालबुंद, ठणकतंय. अख्खं बोट सुजलं, अर्धवट वाकलेलंच राहिलं आणि दुसऱ्याने ते सरळ करताना जीव घेणारी कळ आली, तर पू स्नायूबंधाच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात शिरला असं समजा. त्याच दिवशी हाताचा सर्जन गाठायचा.

चावल्याबरोबर नळाच्या धारेखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका; या बारीक छिद्रांना टाकेही नकोत. हात उंच ठेवा.

खरा घोळ गोळ्यांचा. गळवावर चालणाऱ्या सेफालेक्सिन, क्लॉक्सासिलिन, क्लिंडामायसिन या जंतूपुढे लंगड्या पडतात, एरिथ्रोमायसिनचाही भरवसा नाही. कपाटातली उरलेली पट्टी म्हणूनच नको. डॉक्टर सहसा अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट देतात, आणि चावा हाताला असेल तर सूज यायच्या आधीच, ३ ते ५ दिवस. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. मधुमेह, लिव्हर सिरॉसिस किंवा प्लीहा काढलेली असेल तर 'उद्या बघू' अजिबात नको.

या गोळ्यांनी रेबीज थांबत नाही. त्याची लस वेगळी. कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. रक्त आलेल्या चाव्यात जखमेत अँटिबॉडीचं इंजेक्शनही लागतं. धनुर्वाताचंही विचारून घ्या.

घरी परतल्यावर सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा. लाली रेघ ओलांडून मनगटाकडे सरकली किंवा थंडी वाजून ताप आला, की रात्र असली तरी निघा.