"शीर धरली आहे ना?"

गाठ जाळताना उष्णता कुठवर पोचेल, याचं कॉम्प्युटरवरचं गणित मी मांडलं होतं. गाठीजवळची शीर त्यात धरली आहे का, बैठकीत डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं. मी म्हणालो, "हो, रक्तप्रवाह समीकरणात आहे." उत्तर खोटं नव्हतं, आणि तेच अजून खटकतंय.

गाठ यकृतातली, रेडिओफ्रिक्वेन्सीची, म्हणजे विजेच्या लहरींनी ऊती तापवणारी सुई घालून जाळायची. उपचार आमच्या आकड्यांवर ठरत नव्हते. आम्ही आधी अंदाज काढायचा आणि नंतर स्कॅनशी ताडून बघायचा. पेशी मेल्या असं मानायला आमचं माप ४३ अंशांवर २४० मिनिटं. ४८ अंशांना तेच काम साडेसात मिनिटांत होतं, ४१ ला मात्र ६४ तास लागतात. माझ्या चित्रात गाठ कडेसकट या मापात आरामात बसत होती. स्कॅन आला, तर जळालेला गोळा शिरेच्या बाजूने कुणी चावा घेतल्यासारखा.

दिवसभर कोड धुंडाळला. मेश, म्हणजे गणितासाठी यकृताचे पाडलेले तुकडे, बारीक केली, टाइम स्टेप, म्हणजे गणितातलं वेळेचं पाऊल, निम्मा केला, विद्युतवाहकता पुन्हा तपासली. उत्तर ढिम्म.

संध्याकाळी उजेड पडला. ऊतीत उष्णता कशी पसरते ते सांगणारं, आम्ही वापरलेलं पेनेसचं १९४८ चं समीकरण मनगट ते कोपर एवढ्या हाताच्या तापमानावरून आलेलं. त्यातलं रक्त स्पंजात मुरलेल्या पाण्यासारखं : जागोजागी ३७ अंशांनी येतं, ऊतीच्या तापमानाचं होऊन जातं. त्याला ना दिशा, ना नळी. केशवाहिन्यांच्या जाळ्याला हे चालतं. ४ मिलिमीटरच्या शिरेतलं रक्त मात्र तापायच्या आत पुढे सटकतं आणि मागून थंड येतच राहतं. मी ते सगळं सरासरीत विरघळवून टाकलं होतं. त्यात कोडमधली माझीच एक ओळ : ऊती ६० अंशांना शिजून गोठली की तिथला रक्तपुरवठा शून्य. केशवाहिन्यांसाठी बरोबर, पण ती शिरेच्या जागीही चालली. म्हणजे वाहती शीर मीच बंद केली होती!

मग शीर वेगळी नळी म्हणून आखली, भिंतीवर उष्णता वाहून नेण्याचा गुणांक दिला. खाच उमटली. सगळे खूष. रंगीत चित्र स्कॅनसारखं दिसलं की आमच्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. तो गुणांक मी खाच जुळेपर्यंत दोनदा बदलला होता. शिरेतल्या रक्ताचा वेग कुणी मोजलेलाच नव्हता.

नवं चित्र पाठवल्यावर डॉक्टरांचा निरोप आला, "आता धरली?"

पुढच्या रुग्णाच्या शिरेतला वेग डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, आधीच मोजून मिळेल का, असं मी उलट विचारलंय.