क्लोरीन टाकूनही कावीळ का होते?

विस्थापितांच्या छावण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: पाण्यात क्लोरीन टाकतात ना, मग कॉलरा आणि कावीळ पसरतेच कशी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नळाला येणारं पाणी बहुतेकदा ठीक असतं. बिघडतं ते नळापासून पेल्यापर्यंत.

दक्षिण सुदानमधलं बेंतिऊ घ्या. डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटल्यावर लोक जीव वाचवायला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या तळात शिरले. जागा सखल. २०१४ च्या पावसात झोपड्यांत गुडघाभर पाणी साचलं. २०२१ च्या पुरात तर बांध घालून छावणी वाचवावी लागली. अशा जागी संडासाचा खड्डा खणायला गेलं की पाणी लागतं. मग टाक्या जमिनीच्या वर बांधायच्या आणि मैला पंपाने उपसून वाहून न्यायचा. उपसा थांबला की सगळं वाहत वस्तीत येतं. हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी विषाणूची कावीळ, तिथे वारंवार उद्भवली, ती या घाणीमुळे.

आता क्लोरीन. आपल्याकडे ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरतात, तिच्यात क्लोरीन साधारण ३३ टक्के. छावण्यांत ६५ ते ७० टक्क्यांची दाणेदार पावडर असते. एक लिटर पाण्यात ती १५ ग्रॅम विरघळवली की एक टक्क्याचं द्रावण होतं. २० लिटरच्या चार बादल्यांत १, २, ३, ४ मिलि द्रावण घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि उरलेलं क्लोरीन मोजायचं. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास उरलं ती मात्रा घ्यायची. समजा ३ मिलिची बादली जमली, तर १०,००० लिटरच्या टाकीला दीड लिटर द्रावण लागेल. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. पावडरचा डबा उघडा राहिला की ताकद उतरते, म्हणून हा हिशोब कागदावरून उचलायचा नसतो, दर नव्या डब्याला बादल्या पुन्हा मांडाव्या लागतात.

नळाला ०.५ असलेलं पाणी कडक उन्हात, आतून शेवाळलेल्या कॅनमध्ये संध्याकाळपर्यंत शून्यावर येऊ शकतं. त्यात कोणी हात घालून पेला बुडवला की संपलंच. साथीत नळालाच १ च्या आसपास ठेवतात, पण वास उग्र झाला की लोक कंटाळून पुराचं पाणी भरतात. ही ओढाताण कायमची आहे. माझं मत विचाराल तर नळावरच्या नोंदवहीपेक्षा झोपडीतल्या कॅनमधला आकडा महत्त्वाचा. निदान रोज थोड्या घरांत तरी मोजावा. अरुंद तोंडाचे, झाकणाचे दोन कॅन प्रत्येक कुटुंबाला हवेत, एक आणायला, एक साठवायला. आतला थर काढायला कॅनमध्ये खडे आणि क्लोरीनचं पाणी घालून खळखळवायचं. स्वस्त उपाय आहे, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित.

रांगेचंही गणित आहे. माणशी दिवसाला १५ लिटर आणि एका नळावर २५० माणसं, म्हणजे ३,७५० लिटर. मिनिटाला साडेसात लिटरची धार धरली तर नळ सव्वाआठ तासांहून जास्त अखंड चालायला हवा. पण लोक येतात सकाळी आणि सांजेला. दाब कमी पडला की बाया रांग सोडून उघड्या पाण्याकडे वळतात. कागदावर मात्र नळांची संख्या पुरेशी दिसते.

हिपॅटायटिस ई संसर्गानंतर दोन ते दहा आठवड्यांनी दिसतो. आज रुग्ण वाढले म्हणून आजचं पाणी तपासून उपयोग नाही, महिना-दीड महिन्यापूर्वीच्या नोंदी काढाव्या लागतात. गर्भवतींना तो जीवघेणा ठरू शकतो, म्हणून २०२२ मध्ये बेंतिऊत साथीला उत्तर म्हणून जगात पहिल्यांदाच त्याची लस दिली गेली. लसीचे तीन डोस, शेवटचा सहा महिन्यांनी. तोवर संडासाचा उपसा आणि कॅनची सफाई चालू ठेवावीच लागते.