लव्हाळा पुन्हा वर : मल्चिंग पेपरची चाळण

पहिला पाऊस पडला आणि शेवंतीच्या वाफ्यावर तण दाबायला अंथरलेल्या ३० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकमधून, म्हणजे मल्चिंग पेपरमधून, लव्हाळ्याचे कोंब सुयांसारखे वर आले. घोळ, दुधी या तणांचा मागमूस नाही, हराळी खाली पिवळी पडली आहे. लव्हाळा मात्र आरपार. कोंबाचं टोक कडक असतं, पातळ फिल्म त्याला अडवू शकत नाही. अंथरायचंच तर १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वरचं विणलेलं वीड मॅट, म्हणजे तण अडवणारं कापड, घ्यावं. ‘तण येणारच नाही’ असं दुकानदार म्हणाला की कुठलं तण, ते विचारावं.

उन्हाळ्यातलं सौरीकरण अगदीच वाया गेलं नाही. माती भिजवून, पारदर्शक प्लास्टिकच्या कडा पुरून एप्रिल-मे झाकून ठेवल्यामुळे वरच्या थरातलं बी मेलं. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठींपर्यंत ती धग पोचली नाही.

खरी गोम त्या गाठींतच. जमिनीखाली त्या साखळीने जोडलेल्या असतात, आणि शेंड्याकडची फुटलेली असेपर्यंत मागच्या बऱ्याचशा झोपून राहतात. पात धरून उपटलं की साखळी तुटते, झोपलेल्या जाग्या होतात. कुदळीने नुसतं वरवर खणलं किंवा पॉवर टिलर फिरवला तरी तेच, शिवाय गाठी वाफाभर पसरतात. म्हणून माती कोरडी असताना गार्डन फोर्कने वीत-दीड वीत खोल ढेकळं उचलायची, फोडून ६ मिमीच्या चाळणीतून काढायची. गाठी पत्र्यावर कडक उन्हात पार सुकवायच्या. कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत.

आता पेपर काढून पुन्हा खणायचा बेत होता. तो रद्द. ओल्या काळ्या मातीत चाळणी चालत नाही. हे लिहिताना दुसरंच सुचतंय: लव्हाळ्याला सावली सोसत नाही, मग अर्ध्या वाफ्यात रताळ्याचे वेल का नकोत? वेलाचे चार-पाच डोळ्यांचे तुकडे, ३० सेंमी अंतरावर. वेल जमीन झाकेपर्यंत दर पंधरवड्याला खुरपं, लव्हाळ्याला पाच-सहा पानं व्हायच्या आत. त्यानंतर नव्या गाठी धरू लागतात. उरलेल्या अर्ध्यात शेवंती, वीड मॅटला भोकं पाडून. भोकाभोवतीचा लव्हाळा हातानेच काढायचा.

व्हिनेगर पात जाळतं, गाठीला काही होत नाही. मीठ टाकलं तर शेवंती आधी जाईल.

नवं शेणखत किंवा नर्सरीची लाल माती थेट वाफ्यात नको. आधी कुंडीत ओली करून तीन आठवडे उन्हात ठेवा. तिकोनी दांड्याचं काही, म्हणजे लव्हाळा, उगवलं तर ती खेप परत.