दोन्हीकडे फी शून्य

"मावशी, एकीकडे पैसे भरावे लागले असते ना, तर बरं झालं असतं गं."

न्यू जर्सीतल्या एडिसनहून भाचीचा फोन. तिला न्यूयॉर्कच्या दोन मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळालाय. मॅनहॅटनच्या एनवाययूने, म्हणजे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने, २०१८ पासून सगळ्यांची ट्यूशन फी माफ केलीय. ब्रॉन्क्सच्या आइनस्टाइन कॉलेजला २०२४ मध्ये तिथल्याच माजी प्राध्यापिका रूथ गॉट्समन यांनी एक अब्ज डॉलर दिले, तेही कॉलेजला स्वतःचं नाव न देता. तिथेही फी गेली.

आपल्या घरात 'परवडत नाही' म्हटलं की प्रश्न संपायचा. माझा बीएससीचा निर्णय तसाच झाला, कुणी मला विचारलंही नाही. हिच्यासाठी ठरवणारं कुणी उरलं नाही, फक्त ती स्वतः.

एनवाययूबद्दल तिने रँकिंग सांगितलं, रेसिडेन्सीचं, म्हणजे डिग्रीनंतरच्या ट्रेनिंगचं, सांगितलं. ब्रॉन्क्सबद्दल एवढंच, की ओपीडीबाहेर एक आठेक वर्षांची मुलगी आजीचं दुखणं स्पॅनिशमधून इंग्रजीत करून डॉक्टरांना सांगत होती. हे तिने मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज जड झाला होता.

मी काहीच बोलले नाही. मघापासून वाटतंय, तिला सांगावं का की तू तेच तीनदा बोललीस?