चिंच-मीठ आणि आमचे दिवे

पॅरिसला पूर्वेकडून लागून असलेल्या मोंत्रयमध्ये, एका जुन्या कारखान्याच्या मागच्या अंगणात आमची एक खोली आहे. एक वर्कबेंच, दोन शिड्या आणि भिंतींवर टांगलेले साठ-सत्तर दिवे. मी आणि बायको, माणसं दोनच. माल एकच: १९५० ते १९७० च्या आसपासचे फ्रेंच भिंतीवरचे दिवे, ज्यांना इथे 'आप्लीक' म्हणतात. झुंबराची विचारणा आली की शेजारच्याचा नंबर देतो.

मी पुण्याचा, कसब्यातला. तांबट आळीतली ठोकाठोक ऐकत शाळेत गेलेला. इथे आलो नोकरीला, आणि रविवारी सँतुआंच्या जुन्या बाजारात जायचो ते घरात सामान हवं आणि खिशात पैसे नाहीत म्हणून. तिथे चाळीस युरोंना पहिला दिवा घेतला. घरी आणून उघडला, तर आत आपलाच पिनचा होल्डर! शेजारच्या जर्मनीत आट्यांचे बल्ब, पण फ्रान्समधल्या जुन्या घरांत दाबून फिरवायचा बल्ब. हाताला ती सवय होतीच. त्या होल्डरनेच मला या धंद्यात ओढलं म्हणा ना.

मग मोठा घोटाळा केला. पितळी दांडी आणि काळ्या पत्र्याची शेड असलेला एक दिवा बऱ्यापैकी पैसे मोजून घेतला. ला शापेलच्या तमिळ दुकानातून चिंच आणली, मीठ लावून पितळ दिवाळीच्या भांड्यासारखं लखलखवलं. शेड खरवडून पावडर कोटिंगला दिली. तो घेऊन एका जुन्याजाणत्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "सुंदर. आता हा नवीन झाला." देऊ केली ती किंमत माझ्या खरेदीच्या निम्मीही नव्हती.

का, ते कळायला वर्ष गेलं. शेडच्या आतला पांढरा रंग बल्बच्या उष्णतेने होल्डरभोवती पिवळा पडतो, बारीक तडकतो. सांध्यावर पन्नास वर्षं वळवल्याचे ओरखडे असतात. भिंतीला टेकणाऱ्या पट्टीमागे जुन्या रंगाचे थर असतात. हा त्या दिव्याचा सातबारा, आणि मी तो स्वतःच्या हाताने पुसला होता.

सातबारा लागतो कारण नकला फार. सेर्ज मूय हा चांदीकाम शिकलेला कारागीर. १९५३ मध्ये जाक आद्ने या सजावटकाराने त्याला दिव्यांचं काम दिलं आणि ते लांब काळे हात, बाहेर काळी-आत पांढरी शेड जन्माला आली. दहा-बारा वर्षांत त्याने ते काम थांबवलं. माल थोडा, मागणी अफाट. मग काय होतं ते सांगायला नको. त्याच्या नावाने आज अधिकृतपणे बनतात ते दिवे नकली नव्हेत, पण जुनेही नव्हेत. गिऱ्हाइकाला हे आम्ही आधी सांगतो, किंमत नंतर.

माझा जीव मात्र शार्लोत पेरियां या फ्रेंच डिझायनरच्या छोट्या दिव्यावर. पत्र्याची एक झडप, मागे बल्ब. झडप वळवली की उजेड भिंतीवर पडून खोलीत येतो, डोळ्यांत नाही. आल्प्समधल्या लेझार्कच्या स्की-वसाहतीत तिने हे दिवे लावले. तिथल्या खोल्या नव्याने सजवल्या जातात तसं जुनं सामान बाजारात येतं. त्यात एक गंमत आहे: लेझार्कमधून निघालेलं प्रत्येक लाकडी स्टूल आणि प्रत्येक खुंटी विकताना 'पेरियां' होते! आम्ही पावतीवर 'लेझार्कमधून' एवढंच लिहितो. त्यामुळे काही विक्र्या हातच्या गेल्या.

इथे जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला कायद्याने एक नोंदवही ठेवावी लागते. तिला 'पोलिसांची वही' म्हणतात. काय घेतलं, कोणाकडून, कधी. सुरुवातीला कटकट वाटली, आता बायको ती किराण्याच्या वहीपेक्षा जास्त जपते.

मी भारतीय म्हटल्यावर लोक चंदीगडच्या सरकारी इमारतींतून निघालेल्या जुन्या फर्निचरचं विचारतात. मी इंदूरचं सांगतो. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून आणि सजवून घेतला. त्यातलं बरंचसं सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावट-कला संग्रहालयाने त्यावर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा आम्ही दोनदा जाऊन आलो.

आता दिव्यात आम्ही बदलतो ती फक्त वायरिंग. पॅरिसमधल्या बऱ्याच घरांत तेव्हा ११० व्होल्टचा पुरवठा होता, कापडी आवरणाच्या वायरी आता हातात चुरतात, अर्थिंगचा पत्ता नसतो. नवीन वायर ओढून, तपासून, जुनी पाकिटात घालून गिऱ्हाइकाला देतो. त्रास खरा एलईडीचा: जुन्या शेडला तो लांबुडका बल्ब बाहेर डोकावतो. आखूड मानेचे बल्ब दिसले की डझनाने घेऊन ठेवतो.

पितळाला हात लावत नाही. मऊ फडक्याने धूळ पुसायची, बस. तरी दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, जरा चमकवून द्याल का? आम्ही नाही म्हणतो. घरी नेऊन त्यांनी घासलं, तर आमचा इलाज नाही.