शिलाई मशीनची सात मिनिटं
एका नृत्यासाठी ७ मिनिटांची ध्वनिरचना करायची होती, अट एकच, आवाज फक्त पायाने चालवायच्या शिलाई मशीनचा, वाद्य वगैरे काही नाही. रेकॉर्डिंग आधीच झालं होतं, फळीखाली काँटॅक्ट माइक चिकटवून, त्यामुळे हवेतलं जवळपास काहीच नाही, जे आलं ते लाकडातून आणि लोखंडातून. सुई कापडात शिरते तो ठोका, चाकाची घरघर, मध्येच घसरणारा पट्टा, आणि दोरा कापताना एक बारीक 'च्यक'. आता स्टाइल कुठली घ्यायची हे ठरवण्यात अख्खा दिवस गेला, आणि कामातले असे दिवस मला फार आवडतात.

आधी ग्रॅन्युलर लावून बघितलं, हल्ली सगळे पहिल्यांदा तिकडेच वळतात. आवाजाचे ३० मिलिसेकंदांचे कण करायचे आणि एकमेकांवर पसरायचे, सेकंदाला साधारण २० च्या वर कण गेले की कान ते सुटे ऐकणं सोडतो आणि सलग पोत तयार होतो. सुंदर वाजत होतं, खरंच. पण शेजारी बसलेली सहकारी, जिने रेकॉर्डिंग केलं होतं, ती म्हणाली, "छान आहे रे, पण यात मशीन कुठंय?" बरोबर होतं तिचं, वाळूचा आवाज टाकला असता तरी असंच काहीतरी निघालं असतं. ड्रोनचंही, म्हणजे आवाज ताणून केलेल्या लांब अखंड सुराचंही तेच, खूप ताणलं की ठोक्याची सुरुवातच विरघळते आणि शिवणीचा सगळा जीव त्या सुरुवातीत असतो.

मग फ्रेंच संगीतकार पिएर शेफेरची वाट, १९४८ मध्ये त्याने रेल्वेचे रेकॉर्ड केलेले आवाज कापून, फिरवून रचना केली ती. आवाज ओळखू येतो, हे मोठंच. पण आमच्या तुकड्यात दर थोड्या वेळाने कट यायचा आणि लक्ष पायावरून उडून एडिटिंगवर जायचं.

दुपारनंतर मी २ सेकंदांचा लूप घेतला ज्यात चौथा टाका किंचित उशिरा पडतो, माणसाचा पाय आहे, पडणारच. एकदा ऐकलं तर ती लंगड कळतही नाही, पण फिरत राहिलं की तीच चाल होते. त्यावर तोच लूप २.०१ सेकंदांचा करून सोडला, अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने १९६५ मध्ये दोन टेप अशाच सरकू दिल्या होत्या. दर फेरीला १० मिलिसेकंदांचा फरक, सुरुवातीला नुसता ठोका जाड होतो, मग प्रतिध्वनी, मग दोन माणसं शेजारी बसून शिवतायत असं स्पष्ट ऐकू यायला लागतं!! सहकारी काही बोललीच नाही, तिने हेडफोन दाबून धरला. स्टाइल ठरली.

अडचण एकच, सरकत्या ठोक्यावर नर्तकांनी मोजायचं कसं. नृत्य बसवणाऱ्या ताईंना फोन केला, त्या म्हणाल्या मोजायला नको, खूण द्या. म्हणून 'च्यक' खुणेसाठी राखून ठेवला, जागा बदलायची तिथेच तो येतो, आणि त्याला काहीही प्रक्रिया केलेली नाही. दोन्ही लूप ४०२ सेकंदांनी पुन्हा जुळतात, उरलेले १८ सेकंद सुरुवातीला मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवलं आणि रात्री फाइल पाठवली.